‘पदर’ हा शब्द नेमका कसा वापरावा

काही महिन्यांपूर्वी एका संस्थेच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासण्यासाठी माझ्याकडे आली होती. आभाराच्या मजकुरात एक वाक्य होते: ‘अध्यक्षांनी आम्हा कार्यकर्त्यांच्या चुका वेळोवेळी आमच्या पदरात घातल्या, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.’ अध्यक्षांनी चुका उदारपणे पोटात घातल्या, असे लिहिणाऱ्याला म्हणायचे होते. छापून मात्र असे जाणार होते, की त्यांनी प्रत्येकाला त्याची चूक दाखवून दिली आणि ती कबूल करायला लावली. दोन्ही गोष्टी अध्यक्षांच्या हातून घडल्या असतीलही, पण आभार पहिल्या गोष्टीचे मानायचे होते.

‘पदर’ हा शब्द इतका घरातला आहे, की तो वापरण्यापूर्वी विचार करावा लागतो हेच आपल्या ध्यानात येत नाही. साडीचा पदर सर्वांना ठाऊक असतो. घोटाळा होतो तो शब्द कापडापासून सुटून पैसा, नाते, नशीब, नोकरी, पोळी आणि महामार्ग यांच्यापर्यंत पोचतो तेव्हा. त्या वेळी अर्थ ठरतो तो दोन गोष्टींवरून: शब्दाला कोणता प्रत्यय लागला आहे आणि पुढे कोणते क्रियापद आले आहे. ‘पदरी’, ‘पदरात’, ‘पदरचा’ आणि ‘पदराला’ ही चार रूपे एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत, एवढे पक्के केले तर निम्म्याहून अधिक चुका टळतात.

आधी कापड पाहावे

पदर म्हणजे वस्त्राचे मोकळे राहणारे टोक. आज तो साडीपुरता उरला असला, तरी शेल्याला, उपरण्याला आणि धोतरालाही पदर असतो. लग्नात नवरानवरीची गाठ बांधतात, ती अशाच दोन पदरांची असते. हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण ‘राजाच्या पदरी असणे’ हा प्रयोग वाचून अनेकांना प्रश्न पडतो, की राजाला पदर कुठून आला.

साडीच्या संदर्भात लिहिताना क्रियापद नीट निवडावे. पदर ‘घेतात’, म्हणजे खांद्यावरून किंवा डोक्यावरून ओढून घेतात. पदर ‘सावरतात’, तो ‘ढळतो’, कामाला लागताना तो कमरेला ‘खोचतात’. ‘पदर घालणे’ हा प्रयोग मात्र टाळावा, कारण घालतात ती चोळी, आणि नेसतात ते लुगडे. पूजेला बसताना किंवा थोरांच्या पाया पडताना ‘दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला’ असे लिहिले, की वाचकाला ते चित्र लगेच दिसते. मागून उजव्या खांद्यावरून पुढे येणाऱ्या पदराला सरळ ‘गुजराती पद्धतीचा पदर’ म्हणावे. ‘उलटा पदर’ कोणता आणि ‘सुलटा’ कोणता, यावर दोन घरांत एकमत होत नाही.

दुकानात हा शब्द आणखी नेमका होतो. ‘काठापदराची साडी’ म्हणजे जिचे काठ आणि पदर अंगापेक्षा वेगळे विणलेले असतात ती. येवल्यात पैठणी घ्यायला गेल्यास विक्रेता घडी मोडून आधी पदर पुढे करतो, कारण विणकराचा सर्वाधिक वेळ त्यातच गेलेला असतो. बांगडीसारख्या गोलाकारात मोर विणलेला असेल तर तो ‘बांगडी-मोर’ पदर. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहावा. मागच्या बाजूलाही नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. ‘पल्लू’ हा शब्द आता मराठीत सर्रास ऐकू येतो. तो हिंदीच्या वाटेने आला असला तरी परका मानण्याचे कारण नाही, कारण आपला जुना ‘पालव’ त्याचाच भाऊबंद आहे. दोघांचेही मूळ संस्कृतातील ‘पल्लव’, म्हणजे कोवळे पान आणि वस्त्राचे टोकही. मात्र पुढे येणारे सगळे वाक्प्रचार ‘पदर’ या शब्दाचे आहेत. ‘पल्लूमोड’ कोणी करत नाही.

पदराला: गाठ आणि खार

माझ्या आजीच्या लुगड्याच्या पदराला कायम एक गाठ असे. बाजारात भाजीवालीसमोर उकिडवे बसून ती आधी दातांनी ती गाठ सैल करी, मग बोटांनी सोडवी, आणि आतून घामाने ओलसर झालेली नोट, दोन-तीन नाणी आणि एखादे सुपारीचे खांड निघे. पैसे मोजून झाले की सुपारीसह उरलेली चिल्लर पुन्हा तिथेच बांधली जाई. पुरुषांच्या पैशांची जागा कनवटीला, बायकांच्या पैशांची पदराला. पैशासंबंधीचे बहुतेक प्रयोग या गाठीतून सुटलेले आहेत, आणि ती डोळ्यांसमोर ठेवली तर अर्थ पाठ करावे लागत नाहीत.

‘पदराला गाठ मारणे’ म्हणजे गोष्ट न विसरण्याची तजवीज करणे. जिचा विसर पडू नये अशा वस्तूजवळ आणखी एक गाठ मारायची, ती हाताला लागली की आठवण होते. ‘खूणगाठ बांधणे’ हा त्याचाच अधिक लेखी अवतार आहे. औपचारिक लेखात खूणगाठ बरी दिसते; संवादात पदराची गाठ.

‘पदराला खार लावणे’ किंवा ‘लागणे’ म्हणजे स्वतःचे नुकसान सोसणे. येथे बारकावा असा, की नुकसान बहुधा दुसऱ्याच्या कामापायी झालेले असते. ‘शेअर बाजार कोसळल्याने त्याच्या पदराला खार लागला’ हे व्याकरणदृष्ट्या ठीक असले तरी मनाला पटत नाही. ‘मित्राला जामीन राहिला आणि पदराला खार लावून घेतला’ हे पटते.

पदरचा: खर्च आणि शब्द

‘पदरचा’ म्हणजे स्वतःजवळचा, स्वतःच्या गाठीचा. ‘पदरचे पैसे घालून त्यांनी मासिक चालवले’ यात मासिकाचा तोटा त्यांनी सोसला, हे न सांगता कळते. यातूनच ‘पदरमोड’ तयार झाला. ठेव मोडतात, दागिना मोडतात, त्याच अर्थाने येथे पदरचा पैसा मोडला जातो.

‘पदरमोड’ हा शब्द आजकाल नुसत्या ‘खर्च’ या अर्थी वापरलेला दिसतो. ‘सणासुदीला ग्राहकांची पदरमोड’ अशा मथळ्यात तो चुकीच्या जागी बसला आहे. ग्राहक स्वतःसाठी वस्तू घेतो आणि स्वतः पैसे देतो. यात मोडले काय? जो खर्च करण्याचे बंधन आपल्यावर नाही, तो आपण दुसऱ्यासाठी किंवा सार्वजनिक कामासाठी आपल्या खिशातून केला, तरच ती पदरमोड. शाळेचे छप्पर गळत होते म्हणून शिक्षकांनी पत्रे आणले, ही पदरमोड. शिक्षकांनी स्वतःच्या घराला पत्रे आणले, तो नुसता खर्च.

पैशाइतकाच उपयोगी असा दुसरा अर्थ लिहिणाऱ्यांनी जवळ ठेवावा. ऐकीव गोष्ट सांगताना ‘पदरचे घालू नकोस’ असे बजावतात, म्हणजे मूळ गोष्टीत स्वतःची भर टाकू नकोस. वार्ताहर, अनुवादक आणि इतिवृत्त लिहिणारे चिटणीस या सर्वांना ही सूचना लागू पडते. ‘अनुवादकाने पदरचे बरेच घातले आहे’ हा अनुवादावरचा नेमका आणि सभ्य आक्षेप आहे.

पदरी आणि पदरात: येथे थांबून विचार करावा

‘पदरी’ हे जुन्या सप्तमीचे रूप आहे. घर–घरी, दार–दारी तसे पदर–पदरी. या ‘ई’ने स्थळ सांगितले जाते, पण अगदी मोजूनमापून दाखवलेले स्थळ नव्हे. ‘घरी’ आणि ‘घरात’ यांत जो फरक आहे, बराचसा तोच ‘पदरी’ आणि ‘पदरात’ यांत आहे. घरी असणे ही अवस्था आहे. घरात असणे म्हणजे चार भिंतींच्या आत असणे. ‘पदरी’ने माणसाची स्थिती, वाटा, नशीब सांगावे, ‘पदरात’ने हाती आलेली किंवा हाती दिलेली गोष्ट सांगावी.

म्हणून निराशा, अपयश, उपेक्षा, पुण्य हे सारे ‘पदरी’ पडते किंवा येते. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी कोणत्या ना कोणत्या विभागाच्या ‘पदरी निराशा’ पडतेच. ‘पदरी पडले, पवित्र झाले’ या म्हणीत वाट्याला आले ते निवडलेले नाही, तर स्वीकारलेले आहे, ही छटा ‘ई’मध्येच आहे. ही म्हण वापरताना थोडी खबरदारी घ्यावी. मिळालेल्या वस्तूबद्दल किंवा कामाबद्दल ती गमतीने चालते, पण एखाद्याच्या जोडीदाराबद्दल त्याच्यासमोर उच्चारली तर तो मोठा अपमान होतो.

आश्रय आणि चाकरीच्या अर्थानेही ‘पदरी’च येते. उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी होते, असे लिहिताना केवळ पगार अभिप्रेत नसतो. त्यात आश्रयदात्याने कलावंताचा भार उचलणे आणि कलावंताने त्याच्या दरबाराशी बांधील राहणे या दोन्ही गोष्टी येतात. त्यामुळे हा प्रयोग राजे, सरदार, संस्थानिक यांच्यापुरता ठेवावा. आजचा अभियंता कंपनीत ‘असतो’ किंवा ‘नोकरीला असतो’. तो कंपनीच्या पदरी आहे असे लिहिले तर वाचक हसेल. हसवायचेच असेल तर गोष्ट वेगळी.

आता ‘पदरात’कडे यावे. ओटी भरताना समोरची बाई दोन्ही हातांनी पदर पुढे धरते आणि त्यात तांदूळ, नारळ, खण पडतात. देणारी वाकून घालते, घेणारी पदर आवळून धरते. ‘पदरात घालणे’ आणि ‘पदरात घेणे’ या दोन्ही प्रयोगांचे चित्र हेच आहे, आणि कोणाचा पदर आहे व कोण घालते आहे हे पाहिले की अर्थ चुकत नाही. ‘मुलगी तुमच्या पदरात घालतो’ असे वधूपिता म्हणतो, तेव्हा पदर सासरच्यांचा. ‘या लेकराला पदरात घ्या’ असे म्हणतो, तेव्हा त्याला आश्रय मागतो.

चुकांच्या बाबतीत हेच चित्र लावून पाहावे. ‘त्याची चूक त्याच्या पदरात घातली’: दुसऱ्याने घातली, पदर चूक करणाऱ्याचा; म्हणजे त्याला ती पटवून दिली, नाकारण्यास जागा ठेवली नाही. ‘त्याने आपली चूक पदरात घेतली’: स्वतःच पदर पुढे केला, म्हणजे कबूल केली. ‘त्याची चूक पोटात घातली’: येथे पदर नाहीच, कोणालाही दिसणार नाही अशा जागी ती ठेवून दिली, म्हणजे क्षमा केली. याखेरीज चूक ‘पदराआड’ करतात, म्हणजे लोकांपासून झाकतात; तेथे क्षमा असेलच असे नाही, बहुधा माया असते.

‘पदरात पाडून घेणे’ यात मात्र खटपट आहे. आंब्याच्या झाडाखाली पदर धरून उभे राहावे आणि कोणाला तरी फांदी हलवायला लावावी, तसे. गोड बोलून, चिकाटीने किंवा चतुराईने मिळवलेली गोष्ट पदरात पाडून घेतात. ‘आमदारांनी मतदारसंघासाठी पाणीयोजना पदरात पाडून घेतली’ हे कौतुक आहे. ‘मोक्याचा भूखंड पदरात पाडून घेतला’ ही टीका आहे. क्रियापद एकच, फरक वस्तूत. ज्यासाठी कोणी खटपट केली नाही, त्याला हा प्रयोग लावू नये. पारितोषिक ‘पदरात पाडून घेतले’ असे सत्काराच्या बातमीत लिहिणे म्हणजे परीक्षकांवर नकळत आरोप करणे होय.

बोलीत ‘पदरी’ आणि ‘पदरात’ यांची सरमिसळ होते, हे मान्य करायला हवे. ‘पदरी दोन लेकरे’ आणि ‘पदरात दोन लेकरे’ दोन्ही ऐकू येते आणि दोन्ही बरोबर आहे. पण लेखनात संशय आला, तर अवस्था सांगायची आहे की वस्तू, हा प्रश्न विचारावा.

‘पदर पसरणे’ यात प्रत्ययच नाही. पदर पसरून मागतात ती भीक किंवा दया. न्याय पदर पसरून मागितला असे लिहिले, तर मागणाऱ्याची अगतिकता दाखवायची आहे असे वाचक समजेल. हक्काची मागणी करणाऱ्या मोर्चाच्या बातमीत हा प्रयोग मोर्चेकऱ्यांना आवडणार नाही, आणि त्यांचे बरोबर असेल.

एकाखाली एक असणारे पदर

येथून शब्द दुसऱ्या वाटेला लागतो. पदर म्हणजे थर, घडी, सर. कांद्याला पदर असतात, दोरीला असतात, मोत्यांचा हार तीनपदरी असतो. वेणीला मात्र ‘पेड’ म्हणतात. तिपेडी वेणी बरोबर, तीनपदरी वेणी नाही.

स्वयंपाकघरात ‘पदर सुटणे’ ही परीक्षा आहे. घडीच्या पोळीला लाटीत तेल लावून घडी घालतात, ती तव्यावर फुगली आणि भाजल्यावर हाताने अलगद उकलता आली, की पोळीला पदर सुटले. चिरोट्यात हेच काम साटा करतो. तूप आणि तांदळाचे पीठ फेसून केलेला साटा एकावर एक ठेवलेल्या पातळ पोळ्यांवर लावायचा, गुंडाळी करून तुकडे कापायचे, आणि कापलेली बाजू वर ठेवून ते हलक्या हाताने लाटायचे. मंद आचेवर तळताना गुंडाळीचे एकेक वेटोळे वेगळे होऊ लागते, आणि वरून झाऱ्याने तूप उडवले की फुलासारखे उघडते. साटा पातळ झाला किंवा लाटणे जोरात दाबले, तर पदर एकमेकांना चिकटतात आणि चिरोटा पुरीसारखा होतो. पाककृती लिहिताना ‘लेयर्स येतात’ असे लिहिणाऱ्यांनी ‘पदर सुटतात’ लिहावे. ‘पापुद्रे’ हा शब्दही चालतो, पण तो फार पातळ, सुकून सुटणाऱ्या थरासाठी अधिक योग्य आहे.

याच अर्थाने रस्ता चौपदरी किंवा सहापदरी होतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सहापदरी आहे, समृद्धी महामार्गही सहापदरी आहे; मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण हा शब्द तर कोकणी माणसाने इतकी वर्षे वाचला आहे, की तो त्याला महामार्गाआधी पाठ झाला असेल. हे सर्व शब्द जोडून लिहावेत: चौपदरी, सहापदरी. पण सावधानता अशी, की ‘पदर’ येथे फक्त विशेषणात चालतो. एकेका पट्ट्याला पदर म्हणत नाहीत. ‘अवजड वाहनांनी डाव्या पदरातून जावे’ असे कोणी लिहीत नाही. तेथे ‘मार्गिका’ किंवा ‘लेन’ म्हणावे.

विषयाला, कथेला, प्रकरणालाही पदर असतात. येथे ‘पैलू’ आणि ‘कंगोरा’ यांच्याशी गल्लत होते. पैलू रत्नाला पाडलेले असतात. रत्न फिरवले की ते एकामागून एक दिसतात, सगळे पृष्ठावरच असतात. पदर एकाखाली एक असतात. वरचा दूर केल्याशिवाय खालचा दिसत नाही. म्हणून पैलूंवर प्रकाश पडतो आणि पदर उलगडतात. ‘या कादंबरीचे अनेक पदर लेखिकेने प्रकाशात आणले’ हे वाक्य दोन प्रतिमांना एका दाव्याला बांधते. दुष्काळाच्या प्रश्नाला पाणी, पीकपद्धती, कर्ज आणि जात असे पदर आहेत, असे लिहिणाऱ्याने एक उचलून त्याखालचा दुसरा दाखवणे अपेक्षित आहे. नुसतीच यादी द्यायची असेल तर ‘बाजू’ हा साधा शब्द पुरेसा आहे.

नात्यातला आणि वयातला पदर

ग्रामीण भागात सोयरीक ठरवताना ‘आपला त्यांचा पदर लागतो का’ असे विचारतात. येथे पदर म्हणजे पूर्वीच्या लग्नसंबंधांतून किंवा कुळातून जुळणारा नात्याचा धागा. ‘पदर लागतो’ आणि ‘पदर जुळतो’ दोन्ही रूपे आहेत. शहरी वाचकासाठी लिहिताना हा प्रयोग संदर्भात उलगडून दाखवावा, कारण एकट्या वाक्यावरून त्याला अर्थ लागणार नाही.

‘पदर येणे’ म्हणजे मुलीला पहिली पाळी येणे. आरोग्यविषयक लेखनात तो वापरावा का, असा प्रश्न मला एका प्रशिक्षण-पुस्तिकेच्या वेळी विचारला गेला होता. माझे मत असे, की मुख्य मजकुरात ‘पहिली पाळी’ हाच शब्द असावा, कारण त्यात गुळमुळीतपणा नाही. पण गावात बसून बोलणाऱ्या कार्यकर्तीला ‘पदर आला’ हे समजलेच पाहिजे, म्हणून तो त्याच पानावर एकदा तरी यावा. ‘डोईवर पदर’ घेण्याचे वर्णन करताना मात्र लेखकाने स्वतःचे मत विशेषणांतून घुसवू नये. ‘शालीन पदर’ असे लिहिले, की ज्या स्त्रिया तो घेत नाहीत त्यांच्याविषयी आपण काहीतरी बोलून गेलेलो असतो.

एवढे करूनही शंका राहिली, तर कोश उघडावा. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात विनामूल्य शोधता येतात. ‘पदर’ची नोंद पाहिल्यावर तेथेच थांबू नये, ‘पदरचा’, ‘पदरमोड’, ‘पदरी’ असे ‘पदर’पासून सुरू होणारे पुढचे शब्दही खाली वाचत जावे. आणि हवा तो वाक्प्रचार सापडला नाही, तर तो क्रियापदाखाली शोधावा: ‘पसरणे’, ‘खोचणे’, ‘घालणे’.